घाम आणि नेम

उमरेडमध्ये लोकांना व्यायामाची सवय लावण्याच्या कामात वर्षं गेली की एक वाक्य कानांत घर करून बसतं: "दिवसभर राबतोच ना, मग व्यायाम कशाला?" हे वाक्य आळशी माणसाचं नाही. नागपूरपासून सुमारे 45 किलोमीटरवरचं हे तालुक्याचं गाव घामावरच उभं राहिलं आहे. एकेकाळी इथल्या कोष्ट्यांच्या मागावरचं रेशीमकाठी कापड नावाजलेलं होतं. पुढे कोळशाची उघडी खाण आली. भोवताली कापूस, सोयाबीन, धान आणि भिवापूरच्या बाजूला मिरची. अशा गावात सकाळी मैदानाला फेऱ्या मारणारा माणूस लोकांना रिकामटेकडा वाटतो आणि त्याला फेऱ्या मारायला सांगणारा तर त्याहून जास्त. म्हणून या वाक्याला नीट उत्तर देणं हे व्यायाम शिकवणाऱ्याचं पहिलं काम आहे. ते टाळून थेट दंड-बैठका सुरू केल्या, की माणसं आठ दिवस येतात आणि नवव्या दिवशी दिसेनाशी होतात. इतक्या वर्षांनंतर माझ्यापाशी जे उत्तर उरलं आहे ते असं: घाम येणं आणि व्यायाम होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि शरीराला व मनाला फळतो तो नेम.

खाणीपासून सुरुवात करू, कारण गैरसमज तिथेच सगळ्यात मोठा आहे. 'खाणकामगार' म्हटलं की डोळ्यांसमोर कुदळ आणि घमेलं येतं. उघड्या खाणीत आज बरंचसं काम शॉवेल आणि डंपर करतात. डंपर चालवणारा ऑपरेटर आठ तासांची पाळी खुर्चीत काढतो. त्याचे हात स्टिअरिंगवर आणि खटक्यांवर, पाय पेडलवर, नजर उताराच्या रस्त्यावर. कानांवर आवाज आदळत असतो आणि अंगाला सतत हादरे बसत असतात. पाळी संपल्यावर तो थकलेला असतो, आणि ते थकणं पूर्ण खरं आहे. पण त्या आठ तासांत त्याच्या हृदयाला जोराने धडधडण्याचं एकही कारण मिळालेलं नसतं. 1953 साली जेरेमी मॉरिस यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लंडनच्या दुमजली बसवरच्या कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. चालक आणि वाहक एकाच गाडीवरचे, मिळकतीतही जवळपास सारखे. फरक इतकाच, की चालक दिवसभर बसलेला आणि वाहक दिवसभर जिना चढत-उतरत तिकिटं देणारा. वाहकांमध्ये हृदयविकार कमी आढळला, आणि ज्यांना झाला त्यांनाही उशिरा व सौम्य झाला. यावर रास्त शंका निघाली: चालक मुळातच जाड असतील तर? मॉरिस यांनी तीही सोडली नाही. त्यांनी कामगारांच्या गणवेशाची मापं काढली. चालकांची कंबर खरोखरच मोठी निघाली, पण अंगकाठी सारखी धरून तुलना केली तरी वाहकांचं पारडं जडच राहिलं. उमरेडचा डंपर ऑपरेटर हा त्या लंडनच्या बसचालकाचा सख्खा भाऊ आहे. त्यात हादऱ्यांची भर. खुर्चीतून येणारे असे हादरे आणि कंबरदुखी यांचं नातं तर चांगलंच अभ्यासलं गेलेलं आहे. अशा माणसाला "तुझं काम कष्टाचं आहे, तुला वेगळा व्यायाम नको" असं सांगणं म्हणजे त्याचं नुकसान करणं.

मग जे खरंच हातापायांनी राबतात त्यांचं काय? इथे उत्तर अवघड होतं, आणि सुरुवातीच्या काळात आम्ही शिकवणारे इथेच चुकतो. रोवणीच्या दिवसांत बाई बांधीतल्या चिखलात दिवसभर कमरेतून वाकलेली असते. ती कितीही हालचाल करो, तिच्या पाठीचा कणा दिवसभरात क्वचितच पूर्ण ताठ होतो आणि हात खांद्याच्या वर जात नाहीत. मिरचीच्या सातऱ्यावर देठ काढणाऱ्या बाईची फक्त बोटं चालतात. बाकीचं अंग सकाळपासून संध्याकाळपर्यंत एका जागी आखडलेलं असतं. मागावर बसणाऱ्याचे पाय पावड्या दाबतात, हात धोटा पळवतो आणि पाठ तशीच गोल राहते. या प्रत्येक कामात शरीराचा एक भाग झिजेपर्यंत वापरला जातो आणि दुसरा गंजतो. 2018 मध्ये 'ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन'मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला एक निष्कर्ष आला होता: नोकरीतच खूप शारीरिक कष्ट असणाऱ्या पुरुषांत मृत्यूचं प्रमाण कमी कष्टाच्या नोकरीतल्या पुरुषांपेक्षा 18 टक्के जास्त. फावल्या वेळात केलेल्या हालचालीचं फळ याच्या बरोबर उलटं दिसतं. यावर वाद आहे आणि तो योग्य आहे. कष्टाची कामं करणारे बहुधा गरीब असतात, त्यांचं खाणं, घर, उपचार सगळंच तोकडं; तेव्हा दोष कष्टांचा की गरिबीचा हे पूर्ण वेगळं काढता येत नाही. तरीही कारणमीमांसा पटण्यासारखी आहे. तासन् तास चालणारं, मनाप्रमाणे थांबवता न येणारं काम रक्तदाब दिवसभर थोडा चढाच ठेवतं आणि सावरायला उसंत देत नाही. व्यायामात श्रम थोडा वेळ असतो, पुरेसा जोराचा असतो, आणि मग विश्रांती असते. त्या विश्रांतीतच शरीर स्वतःला दुरुस्त करतं. रोवणी करणाऱ्या बाईला म्हणून आणखी घाम नको असतो. तिला पाठ मागे वळवण्याचे, नितंबांना आणि पोटाला बळ देणारे दहा मिनिटांचे व्यायाम हवे असतात, आणि झोप हवी असते. ऑपरेटरला दम लागेल इतकं भरभर चालणं हवं असतं. सगळ्यांना एकच तक्ता देणं ही आमच्या पेशातली जुनी चूक आहे, आणि तिच्यामुळे खूप माणसं व्यायामाला कायमची मुकली आहेत.

नेमाचं महत्त्व सांगताना आम्ही बहुतेक वेळा शिस्त, संस्कार असे मोठे शब्द वापरतो. त्यांची गरज नाही. शरीराचं गणित पुरेसं आहे. स्नायू आकुंचन पावतो तेव्हा तो रक्तातली साखर आत ओढतो, आणि त्यासाठी त्याला इन्सुलिनवर अवलंबून राहावं लागत नाही. व्यायाम थांबल्यावरही त्या स्नायूला इन्सुलिनचा गुण जास्त येतो, पण हा परिणाम एक-दोन दिवसांत ओसरतो. व्यायामानंतर उतरलेला रक्तदाबही काही तासच, फार तर दिवसभर, खाली राहतो. म्हणजे रविवारी दोन तास मैदान गाजवून उरलेला आठवडा बसून काढला, तर बुधवारपर्यंत हातात फारसं काही राहत नाही. म्हणूनच मधुमेह असणाऱ्यांना सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खंड पडू देऊ नका असं सांगतात. व्यायाम बँकेतल्या मुदतठेवीसारखा नाही. तो जेवणासारखा आहे. कालच्या जेवणाने आजची भूक भागत नाही. आपल्या लोकांना तर याची जास्तच गरज आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये आपलीच मापं छापली होती. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही 22.3, म्हणजे दोघेही कागदावर सडपातळ. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. "मी कुठे जाड आहे?" असं विचारणाऱ्या प्रत्येक काटकुळ्या माणसासमोर ही दोन माणसं उभी करावीत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2023 मधल्या पाहणीचा अंदाज देशात 10 कोटींहून अधिक मधुमेही असल्याचा आहे, आणि उंबरठ्यावर असलेले त्याहूनही जास्त. उंबरठ्यावरच्या अशाच 531 जणांवर चेन्नईत झालेल्या प्रयोगात रोजचं अर्धा तास चालणं आणि आहारातला बदल यांनी तीन वर्षांत मधुमेह होण्याची शक्यता सुमारे 28 टक्क्यांनी कमी केली. हे श्रेय एकट्या व्यायामाचं नाही, आहाराचंही आहे, हे सांगितलंच पाहिजे.

नेम मोडण्याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण पोलीस भरतीच्या तयारीत दिसतं. पहाटे उमरेडच्या रस्त्यांवर धावणारी मुलं-मुली पाहून ऊर भरून येतो. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800 मीटर, शिवाय 100 मीटर आणि गोळाफेक. मैदानी चाचणीचे गुण 50. या गुणांसाठी ही पोरं सहा-आठ महिने असं अंग झिजवतात, की कुठल्याही प्रशिक्षकाला अभिमान वाटावा. निकाल लागतो आणि मैदान ओस पडतं. ज्यांची निवड झाली नाही ती निराश होऊन थांबतात, आणि ज्यांची झाली त्यांतलीही बरीच प्रशिक्षण संपल्यावर थांबतात. तिशीत पोट सुटलेला, जिना चढताना धापा टाकणारा माणूस आणि दहा वर्षांपूर्वी 1600 मीटर पळणारा मुलगा हा पुष्कळदा एकच असतो. यात दोष मुलांचा कमी आणि आमचा जास्त आहे. आम्ही त्यांना वेळ कमी कशी करायची ते शिकवलं. भरतीनंतर काय करायचं, याबद्दल अवाक्षर काढलं नाही. 1966 मध्ये अमेरिकेत डॅलस इथे पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणात पडून राहायला लावलं होतं. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं. त्या तीन आठवड्यांनी त्यांची प्राणवायू वापरण्याची क्षमता जितकी घसरली होती, तितकी तीस वर्षांच्या वयानेही घसरली नव्हती. यातली धीर देणारी बाजू अशी, की पन्नाशीत आलेल्या त्या माणसांनी सहा महिने हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम केला आणि ती क्षमता जवळपास विशीतल्या पातळीवर परत आणली. माणसं फक्त पाचच होती, त्यामुळे त्यावर फार मोठा इमला बांधू नये. तरी "आता वय झालं" या वाक्याची हवा काढायला तो पुरतो.

मनाविषयी लिहिताना जपून लिहायला हवं, कारण व्यायामाच्या नावाने इथे सर्वांत जास्त अतिशयोक्ती होते. खात्रीने सांगता येईल ते एवढं: नियमित व्यायामाने झोप सुधारते, अस्वस्थपणा कमी होतो आणि सौम्य ते मध्यम नैराश्यात खरा उपयोग होतो. 1999 मध्ये ड्यूक विद्यापीठात नैराश्य असलेल्या पन्नाशीपुढच्या 156 जणांचे तीन गट केले गेले. एकाला व्यायाम, एकाला औषध, एकाला दोन्ही. सोळा आठवड्यांनी तिन्ही गटांची सुधारणा जवळपास सारखी होती. औषधाने गुण लवकर दिसला, पण दहा महिन्यांनी पाहिलं तेव्हा व्यायामाच्या गटातून बरे झालेल्यांत आजार उलटण्याचं प्रमाण कमी होतं. मैदानावर वर्षानुवर्षं दिसणारं चित्र याच्याशी जुळतं. वजन कमी करायला आलेली माणसं टिकून राहतात ती वजनासाठी नाही. वजन तर व्यायामाने फार हळू उतरतं, आणि खाणं तेच ठेवलं तर उतरतही नाही. ती टिकतात कारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात त्यांना झोप लागायला लागते, घरात चिडचिड कमी होते, आणि दिवसातला निदान अर्धा तास कुणाच्या हुकमाविना आपला असतो. हा शेवटचा मुद्दा राबणाऱ्या माणसासाठी फार मोठा आहे. पाळीचा भोंगा, मालकाची हाक, पावसाचा लहरीपणा यांच्यावर त्याचा दिवस चालतो. आपण होऊन ठरवलेली आणि आपण होऊन पाळलेली एक गोष्ट रोज घडली, की मनाला स्वतःवर भरवसा ठेवायची सवय लागते. पण विदर्भात बसून हे लिहिताना एक गोष्ट स्पष्ट बोललीच पाहिजे. बुडालेलं पीक आणि डोक्यावरचं कर्ज सूर्यनमस्कारांनी फिटत नाही. खचलेल्या शेतकऱ्याला "जरा फिरून ये" म्हणणं निर्दयपणाचं आहे. त्याला आधी मदत हवी, आणि जिवावर उदार होण्याचे विचार येत असतील तर त्याच दिवशी डॉक्टर हवा. व्यायाम हा त्यानंतरचा सोबती आहे.

अलीकडे वारंवार पुढे येणारी हरकत भीतीची आहे: जिममध्ये व्यायाम करता करता कोसळलेल्या तरुणांच्या बातम्या. भीती निराधार नाही. जोराच्या श्रमाच्या वेळी हृदयविकाराच्या झटक्याची शक्यता तात्पुरती वाढते. पण कुणाची किती वाढते, याचं उत्तर 1993 मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आलेलं आहे. ज्यांना जोराच्या श्रमाची एरवी सवयच नाही, त्यांच्यात अशा अचानक श्रमाच्या वेळी ही शक्यता त्यांच्याच इतर वेळेच्या तुलनेत 107 पट झाली. आठवड्यातून पाच वेळा किंवा जास्त श्रम करणाऱ्यांत ती फक्त 2.4 पट होती. म्हणजे ज्या गोष्टीची भीती घालून लोक नेम सोडतात, तिच्यापासून नेमच वाचवतो. धोका आहे तो पहिल्याच दिवशी छाती फुटेस्तोवर पळण्यात, पैज लावून वजन उचलण्यात आणि छातीत दुखत असताना "थोडं आणखी" म्हणण्यात. हे "थोडं आणखी" आमच्यासारखे शिकवणारेच ओरडून सांगत असतात, म्हणून जबाबदारीही आमची. चाळिशीपुढच्या, रक्तदाब-मधुमेह असलेल्या, तंबाखू खाणाऱ्या माणसाने जोराचा व्यायाम सुरू करण्याआधी डॉक्टरांना दाखवावं. साध्या चालण्याला मात्र कुणाच्या परवान्याची वाट पाहू नये. गुडघे झिजतील ही भीती तर उलटीच आहे. गुडघ्यांच्या झिजेवरच्या उपचारात मांडीचे स्नायू बळकट करणं आज अगदी पहिल्या पायरीवर धरलं जातं.

तंबाखूचा उल्लेख आलाच आहे तर खर्ऱ्याबद्दलही, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाबद्दलही, बोलतो. तोंडात खर्रा धरून मैदानाला फेऱ्या मारणारे आपल्या भागात कमी नाहीत, आणि "व्यायाम करतो, म्हणून चालतं" हा त्यांचा हिशेब असतो. तो साफ चुकीचा आहे. तोंड उघडेनासं करणाऱ्या आजारावर आणि तोंडाच्या कर्करोगावर दंड-बैठकांचा काडीचा उपयोग नाही.

वेळ नाही, ही हरकत मी पुरुषांच्या तोंडून आली तर फारशी मनावर घेत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये सांगितलेलं किमान प्रमाण आठवड्याला 150 मिनिटांचं आहे, म्हणजे दिवसाला साधारण 22 मिनिटं. शिवाय दोन दिवस स्नायूंना बळ देणारे व्यायाम. ती मिनिटं तुकड्यातुकड्यांनी केली तरी चालतात. पाळीत काम करणाऱ्यांची अडचण खरी असते, कारण दर आठवड्याला वेळ बदलते आणि घड्याळाला बांधलेला नेम पहिल्या रात्रपाळीतच मोडतो. त्यावर अनुभवाने सापडलेला उपाय साधा आहे: नेम घड्याळाला न बांधता उठण्याला बांधायचा. उठणं सकाळी असो की दुपारी, तोंड धुतल्यावर आधी व्यायाम. बाईची गोष्ट मात्र वेगळी आहे. पाणी, स्वयंपाक, शेत, लेकरं, सासू-सासरे यांतून तिचा वेळ तिच्या मालकीचाच राहत नाही. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक आकडेवारीत भारतातले 42 टक्के प्रौढ पुरुष आणि 57 टक्के प्रौढ स्त्रिया पुरेशी हालचाल करत नसल्याचं दिसलं. आपल्या व्यायामपरंपरेचा मला अभिमान आहे. अमरावतीचं 1914 सालचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीची प्रात्यक्षिकं दाखवून आलं, आणि औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कार शाळाशाळांतून नेले. पण गावोगावच्या आखाड्यांनी लंगोट बांधलेला तरुण एवढाच आपला विद्यार्थी मानला. पंचेचाळिशीची बाई, साठीचा मास्तर, पाठीचा मणका दुखावलेला मजूर यांच्यासाठी आखाड्यात जागा नव्हती, आणि आजच्या आरसे लावलेल्या जिममध्येही ती फारशी झालेली नाही.

बाया येत नाहीत असं म्हणून हात झटकणं सोपं आहे. त्या का येत नाहीत हे विचारलं तर उत्तरं व्यवहाराची निघतात. रस्त्याच्या कडेने चालायला गेलं तर जड वाहनं आणि धूळ, अंधारात भटकी कुत्री, उजेडात लोकांच्या नजरा. उन्हाळ्यात पारा 45 च्या आसपास जातो तेव्हा पहाटेचे दोन तास सोडले तर चालणं शक्यच नसतं, आणि नेमके तेच तास त्यांच्या चुलीचे. जागा आणि वेळ मिळाली की त्या येतात, आणि पुरुषांपेक्षा जास्त टिकतात. सोबत चालणाऱ्या चार जणी असल्या की एकीने दांडी मारली तर उरलेल्या तिला घरून घेऊन येतात. म्हणून शाळा चालवणाऱ्या, नगरपरिषदेत बसणाऱ्या आणि मोहल्ल्यात शब्दाला वजन असणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. गावात शाळांची मैदानं आहेत आणि त्यांना कुंपण आहे. त्यांची फाटकं पहाटे 5 ते 7 आणि संध्याकाळी 7 ते 9 उघडी ठेवा, दोन दिवे लावा, आणि त्यांतली एक वेळ फक्त बायांसाठी राखा. आणि घरातल्या पुरुषांनो, तेवढा वेळ चूल तुम्ही सांभाळा.